सबनीस काकांचं चौथं रोप

गुरुनाथ सबनीस स्टॉपच्या पाटीपाशी गाडी थांबवतात ती खरोखर थांबवतात. बाकीचे आपण थांबल्यासारखं करून पुढे सरकतो, तसं त्यांचं नाही. गाडी थांबली की काका डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, पुन्हा डावीकडे बघतात, आणि मागच्यानं हॉर्न वाजवला तर आरशातून त्याच्याकडेही शांतपणे बघून घेतात. अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या टाउनहाऊसांच्या गल्लीत कचऱ्याचा डबा कधी बाहेर काढावा, नाताळचे दिवे कधीपर्यंत उतरवावेत, पाहुण्याची गाडी कुठल्या रेषेच्या आत लावावी, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला आठवलं नाही तर ती काकांना फोन करते. असा हा माणूस तळघरात गांजा लावतो, ही बातमी गल्लीत फुटली तेव्हा आधी कुणी विश्वासच ठेवला नाही. मग विश्वास बसला, आणि त्यानंतर बरेच दिवस दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायला कुणी तयार होईना.

बातमी फोडली ती काकांनीच. कायद्यानं जे चालतं ते लपवायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. व्हर्जिनियात एका घराला चार झाडं चालतात. विकायची नाहीत, रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आणि प्रत्येक झाडावर मालकाचं नाव आणि लायसन्सचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. काकांनी चिठ्ठ्या लॅमिनेट करून घेतल्या. ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. एवढं करून तो शब्द मात्र त्यांच्या तोंडातून कधी बाहेर पडला नाही. ते ‘झाडं’ म्हणत. शैलजाकाकू मात्र ‘ह्यांचा गांजा’ असं, ‘ह्यांची बीपीची गोळी’ म्हणावं इतक्या सहज म्हणत.

झाडं होती ती काकूंच्या पायांसाठी. केमो संपून वर्ष होऊन गेलं होतं. केस परत आले, तेही आधी कधी नव्हते इतके कुरळे. पण तळपायांची आग काही जाईना. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं केल्यासारखं वाटतं, असं काकू सांगत. झोपेच्या गोळ्यांनी पाय झोपत नसत, फक्त डोकं झोपे. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं, हेही करून बघा म्हणून. मुलानं कॅलिफोर्नियाहून फोनवर विकतच्या तेलाच्या कुठल्या कुठल्या बाटल्यांची नावं सांगितली. काकांनी ती ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, की ते दुसऱ्यानं कसल्या पाण्यावर वाढवलंय ते आपल्याला कसं कळणार.

पाणी हा काकांचा जुना नाद. किंबहुना पाण्याशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. तरुणपणी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासायचे. पाण्यात क्षार वाढला की नळ्यांत पापुद्रे धरतात आणि अख्खा कारखाना बसतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नंतर अमेरिकेत आले तेही पाण्याच्याच मागे. अ‍ॅशबर्नची डेटा सेंटरं बघून लोकांना कॉम्प्युटर आठवतात. काकांनी तिथे वर्षानुवर्षं नोकरी केली, पण एका कॉम्प्युटरला बोट लावलं नाही. त्या यंत्रांना गार ठेवणारं पाणी बघितलं, बस. रिटायर झाल्यावर काही दिवस ते घरातल्या नळाचं पाणी तपासत, मग शेजाऱ्यांच्या माशांच्या टाकीचं. एकदा देवळातल्या तीर्थाच्या भांड्यात क्षार मोजायचं मीटर बुडवताना भटजींनी त्यांना हटकलं, तेव्हा काकूंनी ठरवलं की ह्यांना काहीतरी उद्योग दिला पाहिजे.

मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर झाडं वाढवायची पद्धत काकांसाठीच निघाली असावी. खाली टाकी, टाकीत बुडबुडे सोडणारा पंप, वर जाळीच्या कपात रोप, आणि कपातून मुळं खाली पाण्यात सोडलेली. माती नाही, चिखल नाही, फक्त पाणी आणि त्यात मोजून घातलेलं खाद्य. छताला जांभळा दिवा. त्या उजेडात काका इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात मीटर अडकवून उभे राहिले की बॉयलर हाऊसची पाळी चालू आहे असं वाटे.

ह्या पिकाची एक गंमत आहे. त्यात मादीच कामाची. नराचा उपयोग नाही, उलट त्रासच. आणि कोण नर, कोण मादी, हे रोप बरंच मोठं होईपर्यंत समजत नाही. पहिल्या वर्षी चारातले दोन नर निघाले, तेव्हा काका दिवसभर जेवले नाहीत. मुलगी व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं आपल्या समाजातलं हे एकच घर असेल, असं काकू येईल जाईल त्याला ऐकवत.

पण चारातली दोन झाडंही पुरली. त्यांचं तेल काढून काकूंच्या तळपायांना लावलं, थोडं तुपातून पोटात दिलं, आणि काकू झोपू लागल्या. काकांनी स्वतः ते कधी जिभेला लावलं नाही. सुपारीच्या खांडानं ज्यांना गरगरतं, त्यांनी लावूही नये.

तर यंदाची संक्रांत. आजारपणानंतरचं काकूंचं हे पहिलंच हळदीकुंकू, तेव्हा वाण साधंसुधं देऊन चालणार नव्हतं. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या आणि मोबाइलच्या पिशव्या एकमेकींना देऊन देऊन गल्लीतल्या सगळ्या बायकांची कपाटं भरलेली. काकूंनी ठरवलं, झेंडूची रोपं द्यायची. आत्ता दिली की पाडव्याला गुढीला घरचा झेंडू. काका खूश झाले. त्यांनी तळघरात डावीकडच्या मांडणीवर झेंडू लावला, आणि उजवीकडच्या मांडणीवर त्यांची चार नवी बाळं होतीच. वाणाची प्रत्येक बरणी काचेची, खाली पाणी, वर कपात रोप, आणि बरणीला काकूंनी हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. वापरायच्या सूचना काकांनी तोंडी दिल्या आणि त्या हळदीकुंकवापेक्षा जास्त वेळ चालल्या.

शेवटी आली ती शेजारची नेत्रा. हिला नीट ओळखून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी आहे. नेत्रा साताऱ्याची, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. नवरा यतीन इथलाच, न्यू जर्सीत जन्मलेला, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर जिलेबी खात वाढलेला. त्याचं मराठी आईनं सुरू केलं आणि नेत्रानं दुरुस्त केलं, तरी अजून पुष्कळ काम बाकी आहे. नेत्राला खोटं बोलता येत नाही. म्हणजे आवडत नाही असं नव्हे, येतच नाही, जसं कुणाला पोहता येत नाही. पहिल्यांदा विमानतळावर उतरली तेव्हा अधिकाऱ्यानं विचारलं, खाण्याचं काही आणलंय का. तर हिनं बॅग उघडून मेतकुटापासून सुरुवात केली. मागे लांबच लांब रांग. गोड्या मसाल्यापर्यंत पोचल्यावर त्या माणसानंच हात जोडून तिला पुढे जायला सांगितलं म्हणतात. यतीनच्या वाढदिवसाची सरप्राइज पार्टी तिनं ठरवली आणि आदल्या दिवशी त्यालाच सांगून टाकली, कारण त्यानं विचारलं, उद्या काय आहे.

दुसरं म्हणजे तिच्या हातून झाड जगत नसे. तुळस गेली, कढीपत्ता गेला, ज्याला पाणीच लागत नाही तो निवडुंगसुद्धा गेला.

त्या दिवशी तिला उशीर झाला, कारण वकिलाचा फोन होता. ग्रीनकार्डच्या मुलाखतीची तारीख आली होती, रथसप्तमीनंतरचा गुरुवार. हे कळल्यावर बायकांनी तिला घेरलं, तिळगूळ दिले, आणि काकूंच्या लक्षात आलं की वाणाच्या बरण्या संपल्या आहेत. एक रिकामी बरणी होती, रोप नव्हतं. त्यांनी तळघराच्या जिन्यातून हाक मारली, अहो, एक झेंडू आणा. काका हळदीकुंकवापुरते खाली हद्दपार झालेले. हाक आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. त्या जांभळ्या उजेडात हिरवं काहीच हिरवं दिसत नाही, सगळं काळपट. आणि झेंडूचं पान काय, त्या पानाची बारकी आवृत्ती काय, दोन्हींना सारख्याच कातऱ्या कडा. काकांनी हात लांबवला, कप उचलला, वर नेऊन दिला. नेत्रानं पदरात घेतला.

चूक कळली ती संध्याकाळी, चिठ्ठ्या बांधायच्या वेळी. दोन पानांच्या रोपाला कायदा झाड समजतो की नाही, ह्या प्रश्नावर काकांचा आठवडा गेला होता. शेवटी समजत असावा असं ठरवून ते लॅमिनेट केलेल्या चार चिठ्ठ्या घेऊन खाली गेले. एक चिठ्ठी उरली. काका मांडणीसमोर उभे राहिले. मग स्टुलावर बसले. मग चष्मा पुसून पुन्हा उभे राहिले.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या. आयुष्यात लाल दिवा तोडला नाही, आणि सवाष्णीच्या ओटीत गांजा घातलात, म्हणाल्या. काका हसले नाहीत. ते खाली मान घालून म्हणाले, “शैला, तिची मुलाखत आहे.”

आणि मग त्यांनी समजावलं. व्हर्जिनियाचा कायदा व्हर्जिनियापुरता. ग्रीनकार्ड देणारं सरकार दिल्लीसारखं वरचं, तिथे ही वनस्पती अजून बाद आहे, आणि ज्याच्याकडे नागरिकत्व नाही त्यानं तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. वकिलानं नेत्राला हेच सांगून ठेवलं होतं. म्हणून तर ती सबनीसांकडे आली की तळघराच्या दाराकडे पाठ करून बसे. मुलाखतीत हात वर करून शपथ घ्यायची, आणि मग विचारतात, अमली पदार्थांशी कधी संबंध आला का. आज नेत्राला विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि ते खरंच असेल. पण तिला जर सांगितलं की बाई, तुझ्या खिडकीत आहे तो झेंडू नव्हे, तर ती त्या अधिकाऱ्याला हळदीकुंकवापासून बरणीच्या बोटांपर्यंत सगळं सांगेल.

काकू उठून बसल्या. हसणं गेलं होतं. मग परत आणा, म्हणाल्या. आणि लगेच स्वतःच नको म्हणाल्या. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागायचं, तेही तिच्या एवढ्या मोठ्या कामाच्या तोंडावर. साताऱ्याला तिच्या आईच्या कानावर गेलं असतं तर त्या माउलीनं विमानाचं तिकीट काढलं असतं.

चौथ्या दिवशी धीर करून काका झेंडूचं एक धष्टपुष्ट रोप घेऊन शेजारी गेले. म्हणाले, तुला दिलेलं जरा अशक्त होतं, हे ठेव, ते मी नेतो. नेत्रानं बरणी छातीशी धरली. रोप देवाऱ्याशेजारच्या खिडकीत ठेवलं होतं, बरणीला रोज नवं कुंकू.

“नको काका. हे जगलंय,” ती म्हणाली. “माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी जगलंय. मी मनात ठरवलंय, हे गुरुवारपर्यंत राहिलं तर माझं काम होणार.”

काका धष्टपुष्ट रोप घेऊन परत आले. आता खिडकीतलं रोप मरूही शकत नव्हतं. बदलायचीही सोय नव्हती. नेत्रा रोज त्याचा फोटो काढून आईला पाठवी, कुठलं पान कुठल्या दिवशी फुटलं हे दोघींना पाठ. आणि ते वाढत होतं. बोटं पसरावीत तशी पानं फुटायला लागली होती. झेंडूत अशीही जात असते, अमेरिकन, असं काकांनी कुणी विचारलं नसताना तिला सांगून ठेवलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते सांगताना त्यांचे कान लाल झाले.

रथसप्तमी जवळ आली आणि एका सकाळी नेत्रा धावत आली. रोपानं मान टाकली होती. काका, चला ना, म्हणाली. काकांना आनंद झाला आणि त्याची त्यांना ताबडतोब लाज वाटली. गेले. बरणीत मीटर बुडवलं. आकडा बघून त्यांचा चेहरा बदलला. पाण्यात मीठ होतं, थोडंथोडकं नव्हे, लोणच्याला घालतात तसं.

ज्या माणसानं तरुणपण क्षाराशी लढण्यात घालवलं, त्याच्या समोर खारं पाणी आलं. पुढचं काकांनी केलं असं म्हणताच येत नाही, ते त्यांच्या हातांनी केलं. पाणी ओतून दिलं, मुळं गाळलेल्या पाण्याखाली धरून हलक्या हातानं धुतली, बरणी स्वच्छ केली, नवं पाणी भरलं, खिशातली खाद्याची बाटली काढून थेंब मोजून टाकले, पुन्हा मीटर बुडवलं आणि समाधानानं मान हलवली. नेत्रानं त्यांना वाकून नमस्कार केला. दारात बूट घालताना काकांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

दुसऱ्या दिवशी रोप शिपायासारखं उभं. नेत्रानं फोटो गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, ‘काकांनी वाचवलं’ असं लिहून. सगळ्यांनी हात जोडले. एकीनं मात्र तो फोटो मोठा करून बघितला आणि काहीही न लिहिता फोन पालथा ठेवला. ती कोण, हे इथे सांगण्याचं कारण नाही. पण गल्लीत एवढी मोठी गोष्ट एखादीनं पोटात ठेवल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं.

त्याच संध्याकाळी यतीननं काकांना गॅरेजपाशी गाठलं.

“काका, व्हाय?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मी रोज मीठ टाकत होतो. नियरली डन होतं.”

“तू टाकत होतास?”

“मग कोण? मी फर्स्ट डेलाच ओळखलं. कॉलेजमध्ये माझ्या रूममेटकडे होतं.”

“रूममेटकडे,” काका म्हणाले.

“हो, रूममेटकडे.” यतीननं नजर चुकवली. “मला वाटलं काकूंनी मुद्दाम दिलं, मेडिसिनसारखं. नेत्राला सांगता येत नाही, तुम्हाला माहितीये ती कशी आहे. मग मी म्हटलं, हळूच मारू. आणि तुम्ही येऊन त्याला आयसीयूमध्ये ठेवलं.”

काकांनी झाला प्रकार सांगितला. यतीन आधी कपाळाला हात लावून उभा राहिला, मग कचऱ्याच्या डब्यावर बसला. त्यालाही आता ते मारता येणार नव्हतं, कारण मान टाकलेलं रोप बघून नेत्रा त्या सकाळी जेवली नव्हती, आणि मुलाखतच पुढे ढकलू म्हणाली होती. दोघा पुरुषांनी बराच वेळ विचार केला. त्यातून काही निघालं नाही, एवढंच ठरलं की आता कुणीही मीठ टाकायचं नाही.

काकूंनी हे सगळं ऐकलं, पाय तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, आणि त्यांनी फोन उचलला. नेत्राला विचारलं, तू हळदीकुंकू नाही का करत यंदा. नेत्रा म्हणाली, कागदपत्रांतून डोकं वर काढायला वेळ नाही, आणि वाणही आणलेलं नाही. मला एकटीला बोलाव की, काकू म्हणाल्या, सवाष्ण एक असली तरी चालते, आणि रथसप्तमीपर्यंतच काय तो वेळ आहे.

रथसप्तमीच्या दुपारी काकू काठी न घेता शेजारी गेल्या. बर्फ वितळून पायवाट ओली होती. काका खिडकीतून बघत होते, आणि काकू दोनदा थांबल्या तेव्हा दोन्ही वेळा ते दारापर्यंत जाऊन परत आले. खिडकीपाशी आले तरी हातात मीटर होतं, ते कशासाठी हे त्यांनाही ठाऊक नसावं.

नेत्रानं काकूंना पाटावर नको, खुर्चीवर बसवलं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, तिळगूळ दिला, आणि घाईत आणलेली एक स्टीलची वाटी वाण म्हणून पुढे केली. काकूंनी वाटीवर हात ठेवला, पण घेतली नाही.

“वाटी राहू दे,” त्या म्हणाल्या. “मला ते दे.” आणि खिडकीकडे बोट केलं.

नेत्राला आधी वाटलं थट्टा आहे. मग तिचा चेहरा उतरला. “काकू, ते तर तुम्हीच दिलेलं.”

“दिलं तेव्हा तुझं झालं. तुझं आहे म्हणून मागतेय. माझं असतं तर मागितलं असतं का?”

“पण गुरुवारी…”

“मला ठाऊक आहे गुरुवारी काय आहे.” काकूंनी तिचा हात धरला. येताना त्यांनी तीन-चार कारणं जुळवून आणली होती, एकाहून एक चांगली. त्या पोरीच्या तोंडाकडे बघून त्यांना त्यातलं एकही बोलवेना. “नेत्रा, माझे पाय दुखतात. ते रोप मला लागणार आहे. कशाला, ते आत्ता विचारू नकोस. गुरुवारनंतर विचार, मी सगळं सांगेन.”

नेत्रानं रोपाकडे बघितलं, पसरलेल्या बोटांसारख्या त्या पानांकडे. मग काकूंच्या पायांकडे. मग सबनीसांच्या बाजूच्या भिंतीकडे. सबनीसांच्या तळघरात काय आहे हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? ज्या मुलीनं आयुष्यात एकही उत्तर कधी पोटात ठेवलं नव्हतं, तिनं त्या दुपारी एक प्रश्न पोटात ठेवला. उठली, बरणीला कुंकू लावलं, पदर सारखा केला, आणि दोन्ही हातांनी ती काकूंच्या ओटीत दिली.

काकू बरणी शालीखाली धरून परत आल्या. काकांनी ती हातात घेतली आणि मीटर आत बुडवलं. मग म्हणाले, पाणी चांगलं ठेवलंय पोरीनं.

गुरुवारी गल्ली सकाळपासून खिडकीत होती. मुलाखत लांबली. अधिकारीणबाईंनी सगळं विचारलं, लग्न कुठे झालं, घरात भांडी कोण घासतं, आणि तो प्रश्नही विचारला. नेत्रा नाही म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना तिनं सांगितलं की एकदा दवाखान्यात जाताना आम्ही गाडी चुकून अपंगांच्या जागेत लावली होती, पण लगेच काढली. यतीन टेबलाखाली बूट घासत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं, आणि अभिनंदन केलं.

परत आल्यावर नेत्रा आपल्या घरी गेलीच नाही. कोटसुद्धा न काढता सरळ सबनीसांच्या स्वयंपाकघरात आली. काकूंनी मिठी मारली, साखर तोंडात घातली, काकांनी दोनदा हात मिळवला. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “आता सांगा.”

काकू सांगायला लागणार, एवढ्यात काका खाकरले. त्यांनी चष्मा पुसला. नागरिकत्वाच्या वेळी, ते म्हणाले, पुन्हा शपथ असते. आणि पुन्हा हेच सगळं विचारतात. तीन वर्षांनी.

“अहो, मी शब्द दिलाय तिला,” काकू म्हणाल्या.

“मी नको म्हणत नाही. मी फक्त नियम सांगतोय.”

तळघराचं दार बंद होतं, आणि त्याच्या खालच्या फटीतून जांभळ्या उजेडाची एक पट्टी फरशीवर आली होती. नेत्रा पहिल्यांदाच त्या दाराकडे तोंड करून बसली होती. तिनं त्या पट्टीकडे बघितलं, आणि खुर्ची हळूच उचलून जरा मागे सरकवली.

“मग मी तीन वर्षांनी विचारते,” ती म्हणाली. “आत्ता एवढंच सांगा काका, ते जगलंय ना?”

काका जवळजवळ धावतच खाली गेले. वर दोघींना पंपाची गुरगुर ऐकू येत होती, मग झाकण उचलल्याचा आवाज. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांवरून पाणी निथळत होतं.

“मुळं पांढरी आहेत,” त्यांनी सांगितलं.

“पांढरी म्हणजे चांगली?”

“पांढरी म्हणजे फार चांगली,” काका म्हणाले, आणि हात पुसायचं विसरून तसेच तिच्यासमोर उभे राहिले.